पांढरं औषध

"अहो, औषध घेतलंत का?" बायकोने स्वयंपाकघरातून रोजच्यासारखं विचारलं, आणि जपूनकाकांच्या हातातला पेला ओठांपाशी येऊन थबकला. रक्तदाबाची गोळी जिभेवर होती. पाण्याचा एक घोट, की झालं. इतक्या वर्षांत या कामाला त्यांना कधी विचार करावा लागला नव्हता. पण आज तो शब्द कानात शिरायच्या ऐवजी मनगटात शिरला आणि हात हलेना. गोळी विरघळायला लागली. कडू चव जिभेच्या कडांवरून घशाकडे निघाली. औषध. घेतलंत का. समोरच्या बेसिनचा नळ नीट बंद होता, टिपूस गळत नव्हतं, आणि त्या नळाला घासून एक बाई धावत गेली. डावा हात उजव्या हातात धरलेला, पदर खोचलेला, पायात रबरी चपला. नळाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. जपूनकाकांनी डोळे मिटले. "तोंडात धरून काय बसलात? ती काय खडीसाखर आहे?" बायको दारात येऊन उभी राहिली होती. त्यांनी घोट घेतला. गोळी गेली, कडू तिथेच राहिलं.

जपूनकाका हे नाव त्यांना कामगारांनी दिलं होतं. खरं नाव वापराविना इतकं गंजलं होतं की कोणी त्या नावाने हाक मारली तर तेच मागे वळून बघत, हा कोण बुवा नवीन. विद्यापीठाच्या रसायनविभागात त्यांची सगळी नोकरी प्रयोगशाळेत गेली. निवृत्त झाल्यावरही विभागाने त्यांना एका कामासाठी ठेवून घेतलं होतं: झाडणारे, पुसणारे, माळी, नळवाले, रंगारी, जे कोणी या आवारात हातात बादली किंवा पाना घेऊन फिरतं त्या सगळ्यांना, इथल्या कुठल्या बाटलीत काय आहे आणि ते कसं हाताळायचं, हे सांगण्याचं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते "जपून हां" म्हणत, म्हणून जपूनकाका. तोंडावर मात्र सर. हे काम त्यांना मिठाईसारखं प्रिय होतं. आधीचा सूचना देणारा इसम कागद वाचून दाखवायचा आणि माणसं बसल्या जागी घोरायची. जपूनकाकांच्या सभेत कोणी घोरलं नाही. बाटलीला नाक लावणाऱ्याची गोष्ट ते सांगत: त्याला जी शिंक लागली ती तो निवृत्त होईपर्यंत टिकली, आणि निरोपसमारंभात भाषणाऐवजी त्याने शिंकूनच आभार मानले. हातमोजे न घालणाऱ्या एकाच्या बोटांचे ठसे असे पुसले गेले की बँकेने त्याला ओळखायला नकार दिला, आणि पुढे पुढे त्याची बायकोही जरा विचार करूनच दार उघडायला लागली. सगळ्या थापा, अगदी शुद्ध थापा. पण लोक हातमोजे घालायला लागले होते, त्याचं काय?

आणि मग तो शब्द. सुरुवातीला ते रसायन म्हणत. ऐकणाऱ्यांचे चेहरे कोरे राहत. या लोकांच्या बोलण्यात रसायन नव्हतंच, औषध होतं. फरशीचं औषध, झुरळांचं औषध, झाडांवर मारायचं औषध, संडासात टाकायचं औषध. बाटलीत भरलेलं, वास मारणारं, आपल्याला न कळणारं आणि दुसऱ्या कोणीतरी दिलेलं जे काही असेल ते औषध. एका वर्षी जपूनकाका उभे राहिले आणि म्हणाले, "हे बघा, या कपाटात जी औषधं आहेत ना," आणि सगळ्या माना एकदम वर झाल्या. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं होतं, आज कुलूप उघडलं. तेव्हा त्यांना आई आठवली नव्हती. आता रोज आठवत होती. घरात एकच कपाट, वरच्या फळीवर खोकल्याचं औषध, खालच्या फळीवर ढेकणांचं. दोन्ही तपकिरी बाटल्यांत. लहानपणी त्यांना ताप भरला होता, बाहेर ढगांनी भरदुपारी अंधारून आलं होतं, आणि आई चमचा भरून खाटेजवळ आली. चमचा त्यांच्या ओठांना लागला, थंड. बाहेरून वडिलांनी विचारलं, "कुठलं औषध देतेस?" "खोकल्याचं," आई म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिने चमचा परत स्वतःच्या नाकाशी नेला. मग तिने खिडकीबाहेर चमचा उलटा केला आणि तळहात तोंडावर दाबून बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. त्या चमच्यात काय होतं ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. ओठांवरचा तो थंडपणा मात्र आता, साठी उलटून गेल्यावर, अचानक ताजा झाला होता, जणू चमचा आत्ताच उचलला असावा.

झालं होतं ते असं. मागच्या आठवड्यात प्रयोगशाळेतल्या मावशींनी, म्हणजे तिथे झाडूपोछा करणाऱ्या बाईंनी, ओट्याखालची एक बाटली उचलली. बाटलीत वापरलेलं तीव्र आम्ल होतं. गळा हातात आला आणि बाकीची बाटली ओट्याच्या कडेवर फुटली. आम्ल डाव्या हातावर, कोपरापासून बोटांपर्यंत. ओट्यावर नळ होते, ओळीने. हात पुढे केला असता तर पाण्याखाली गेला असता. मावशी नळांना पाठ करून धावल्या. ओट्यापासून दारापर्यंत, दारातून गल्लीत, गल्लीच्या टोकाशी जिथे सोड्याची पांढरी बादली ठेवलेली असते तिथपर्यंत. झाकण घट्ट बसलेलं होतं, ते त्यांनी दातांनी काढलं. मग मुठीमुठीने तो पांढरा भुगा हातावर ओतला, आणि तो फसफसला, तेव्हा औषध लागू पडलं अशा समाधानाने त्या भिंतीला टेकून बसल्या. प्रयोगशाळा सहायक आरडाओरडा ऐकून आला नाही, कारण आरडाओरडा झालाच नव्हता. तो सहज बाहेर आला आणि त्याला त्या दिसल्या, हातावर फुंकर घालत बसलेल्या. त्याने त्यांना ओढत नळाखाली नेलं तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. तो भुगा जमिनीवर सांडलेल्या आम्लासाठी असतो. अंगावर पडलं तर पाणी, लगेच पाणी, धो धो पाणी, दुसरं काही नाही. हे आवारातल्या शेंबड्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. मावशींना का माहीत नव्हतं?

काल प्रशासनाच्या साहेबांचा फोन आला होता. आवाज तुपात भिजवलेला. "काका, उद्या चौकशी समितीपुढे या. फार काही नाही हो, एकच प्रश्न आहे. अंगावर पडलं तर आधी पाणी, हे तुम्ही सभेत सांगितलं होतं ना? नुसतं हो म्हणा, चहा प्या, घरी जा." हो म्हटलं की काय होतं तेही साहेबांनीच सांगितलं: बाईंना माहिती दिलेली होती, त्यांनी ती पाळली नाही, म्हणजे हलगर्जीपणा, म्हणजे ठेकेदार त्यांना कामावरून काढायला मोकळा आणि उपचाराची जबाबदारीही कोणावर नाही. "आणि नाही म्हटलं तर?" जपूनकाकांनी विचारलं होतं. साहेब हसले. "तर मग सभेसाठी आम्हाला दुसरा माणूस बघावा लागेल. पण तुम्ही कशाला नाही म्हणाल? सांगितलंच असणार तुम्ही."

सांगितलंच असणार. पण सांगितलं होतं का? फोन ठेवल्यापासून त्यांच्या डोक्यात यंदाची ती सभा पुन्हा पुन्हा भरत होती. तोच वर्ग, त्याच बाकांवर तीच माणसं, पंख्याची तीच करकर. ते उभे राहत, बोलायला लागत, आणि नेमक्या त्या जागी आलं की कधी त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येई, "आधी पाणी," आणि कधी तिथे नुसता खळखळाट असे, तोंड बुडाल्यावर कानात होतो तसा. झोपेत नव्हे, जागेपणी. दाढी करताना, जिना उतरताना. दर खेपेला मावशी तिसऱ्या बाकावर बसलेल्या असत आणि दर खेपेला त्यांचा डावा हात शाबूत असे, बाकावर पालथा टाकलेला, त्यात प्लास्टिकच्या हिरव्या बांगड्या. बूट घालता घालता त्यांनी ठरवलं: विचारावं. जिला विचारायचं तिलाच विचारावं. "समिती तर दुपारी आहे ना?" बायको म्हणाली. "वाटेत एके ठिकाणी जाऊन येतो," ते म्हणाले. बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मावशींकडे जाताय. जा. पण तिथे गोष्टी सांगत बसू नका."

मावशींची खोली तिसऱ्या मजल्यावर, लांबलचक गॅलरीच्या शेवटी होती. दारावर ओले कपडे, खाली कोणाची तरी सायकल साखळीने बांधलेली. दार सुनेने उघडलं, आणि ते कोण हे सांगायची गरज पडली नाही. "आत्या, आले बघा तुमचे गोष्टवाले सर," ती आत वळून म्हणाली, आणि मग त्यांच्याकडे, "या. बसा. आमच्या सासूबाईंनी तुमच्या सासूबाईंना हाक मारली आणि बसल्या हात धरून. आणखी कोण सासू राहिली असेल तर सांगा, तिलाही बोलवू."

"गप गं," आतून मावशी म्हणाल्या. त्या खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. डावा हात उशीवर ठेवलेला, कोपरापासून पांढऱ्या पट्ट्यांत. बोटांची टोकं तेवढी बाहेर होती, फुगलेली, कोणा दुसऱ्याची वाटावीत अशी. "सर, तुम्ही कशाला जिने चढलात? बसा. हिच्याकडे लक्ष देऊ नका, हिला रोज माझी वेणी घालावी लागते म्हणून चिडलीय."

"वेणीचं काही नाही. वेणी घालताना डोकं हलवता आणि वर मलाच म्हणता वाकडी घातली."

जपूनकाका बसले. खोलीत मलमाचा वास होता आणि त्या वासाखाली दुसरा एक वास, जो फक्त त्यांनाच येत असावा. त्यांनी घसा साफ केला. इकडचं तिकडचं विचारलं, दुखतंय का, झोप लागते का. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकत नाही, मावशी म्हणाल्या, डॉक्टर म्हणतात बघू. "कामावर कधी येऊ देतील हो?" त्यांनी विचारलं, आणि ते विचारताना आवाज असा काही सहज ठेवला की सुनेने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. मग जपूनकाकांना ते विचारावं लागलं ज्यासाठी ते आले होते. "मावशी, त्या दिवशी सभेत मी नक्की काय बोललो, तुम्हाला आठवतंय?"

"आठवतंय का?" मावशींचा चेहरा उजळला. "अहो, पाठ आहे. हिला तर किती वेळा सांगितली. भुकेल्या पाहुण्याची गोष्ट!" आणि त्यांनी उजव्या हाताने मिशांना पीळ दिला, जपूनकाका देत तसा, आणि घसा खाकरला, जपूनकाका खाकरत तसा, आणि सांगायला लागल्या. एकाच्या घरी पाहुणा आला. दिसायला अगदी पाण्यासारखा, स्वच्छ, शांत. यजमान म्हणाला, बसा. पाहुण्याने खुर्ची खाल्ली. यजमान म्हणाला, अहो हे काय, जेवण तयार आहे. पाहुण्याने टेबल खाल्लं, टेबलावरचा कपडा खाल्ला, यजमानाचे मोजे खाल्ले. जपूनकाका ऐकत होते. आपल्या तोंडून निघालेली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून आपल्याकडे चालत येताना त्यांनी कधी पाहिली नव्हती. एकेक खाकरणं, एकेक थांबणं, भुवई उडवणंसुद्धा. समोर खाटेवर तेच बसले होते, हात जळलेला घेऊन. "पाहुणा यजमानाच्या मिशीकडे बघायला लागला," मावशी म्हणत होत्या, "तसा यजमान घाबरला. म्हणाला, आता याला एकच औषध! आणि त्याने आतून सासूबाईंना बोलावलं. पांढऱ्याफेक सासूबाई. त्या आल्या त्याच फसफसत! पाहुण्याच्या अंगावर बसल्या आणि जे बोलत सुटल्या, जे बोलत सुटल्या, की पाहुणा गपगार! भूकच मेली त्याची! तेव्हा बायांनो, पाहुणा सांडला की काय करायचं? पांढऱ्या सासूबाईंना हाक मारायची!" आणि त्या हसायला लागल्या. सूनही, नको नको म्हणत, तोंडाला पदर लावून हसली.

"मग?" जपूनकाका म्हणाले.

"मग काय?"

"त्याच्यापुढे. सासूबाईंच्या पुढे."

"पुढे काय, हशा. तो माळी तर बाकावरून खाली पडला. सगळे सासूबाई सासूबाई करत होते."

"आणि मी? मी काय करत होतो?"

मावशींनी आठवून बघितलं. डोळे बारीक केले. "तुम्ही... तुम्ही बोलत होतात काहीतरी. तोंड हलत होतं तुमचं. हात पण असा, असा वरखाली करत होतात. मी म्हटलं, बघा, सरांनाही हसू आवरत नाहीय."

खाली कोणीतरी सायकलची साखळी सोडत होतं, तिचा आवाज येत राहिला. जपूनकाकांना आता सभा सबंध दिसली. खळखळाट कशाचा होता ते कळलं. हशा पिकला की ते कधीही थांबत नसत. थांबलं तर हा माणूस हसण्याची वाट बघत होता असं दिसतं, आणि ज्याची गोष्ट खरंच रंगते त्याने आपल्याला हशाची पर्वाच नाही अशा थाटात पुढचं वाक्य टाकायचं असतं. त्यांची ती ऐट होती. सगळं आयुष्य त्यांनी ती जपली होती. पुढचं वाक्य ते हशात सहज सोडून देत, आणि त्या दिवशी पुढचं वाक्य होतं: अंगावर पडलं तर मात्र सासूबाई नकोत, आधी पाणी, भरपूर पाणी, जपून हां. हात वरखाली केला होता तो नळ सोडल्याची खूण म्हणून. त्यांनी सांगितलं होतं. शब्द न शब्द सांगितलं होतं. आणि तिसऱ्या बाकावर बसलेल्या या बाईने त्यांच्या तोंडाकडे पाहत, मनापासून हसत, ते बघितलं होतं.

"काय म्हणत होतात हो तेव्हा?" मावशींनी विचारलं.

सुनेनेही मान वळवली. जपूनकाकांच्या जिभेवर ते वाक्य तयार होतं. खरं होतं, आणि ते एकदा बोललं की त्यांची सुटका होती. त्यांनी मावशींच्या बोटांच्या टोकांकडे बघितलं. हे ऐकल्यावर ही बाई रोज मनात त्या ओट्यापाशी उभी राहील. रोज हसेल, रोज धावेल, आणि तिला कळत राहील की कोणीतरी सांगत होतं. बाईला ते आयुष्यभर पुरेल. ते ओझं एकट्या आपण वाहिलं तरी पुरे.

"काही नाही," ते म्हणाले. "उगाच. त्या पाहुण्याच्या मिशीचाच एक फालतू विनोद होता. रंगला नसता."

"तरी म्हटलं," मावशी म्हणाल्या, आणि समाधानाने मागे टेकल्या. "कामाचं असतं तर ऐकलं असतं मी. तुमचं एक वाक्य सोडत नाही मी." जपूनकाका निघाले, त्यांच्यामागोमाग सून गॅलरीपर्यंत आली. तिथे, कपड्यांच्या आड, ती हलकेच म्हणाली, "सर, त्या घरी बसल्या तर मरतील हो. बोलतात माझ्याशी भांडून, पण रात्रभर कुशीवर होत नाहीत." त्यांनी मान हलवली. जिना उतरताना कठडा हाताला थंड लागला, चमच्यासारखा, आणि प्रत्येक वळणावर कोणीतरी त्यांच्या पुढून रबरी चपलांनी उतरत होतं.

आवारातून चालताना त्यांना माणसं भेटत गेली. माळ्याने फवारणीचा पंप पाठीवरून सरकवत विचारलं, "सर, पाहुणा बरा आहे ना?" आणि स्वतःच हसला. रंगाऱ्यांनी शिडीवरून हात केला. उद्या परवा कोणी दुसरा माणूस त्या वर्गात उभा राहील, कागद वाचेल, आणि ही सगळी मंडळी मान खाली घालून पेंगतील. त्या वर्गाखेरीज त्यांना दुसरीकडे कुठे कोणी ऐकत नव्हतं. घरी बायको त्यांच्या गोष्टी सुरू होण्याआधीच शेवट सांगून टाकत असे. हो म्हटलं तरी खोटं नव्हतं. हो हेच तर खरं होतं, शंभर टक्के खरं, आणि आयुष्यात थापांवर जगलेल्या माणसाला खरं बोलण्याची इतकी सोयीची संधी पुन्हा आली नसती.

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं. एका बाजूला विभागप्रमुख बाई, त्यांच्याशेजारी प्रशासनाचे साहेब, कोपऱ्यात ठेकेदार, पायावर पाय टाकून. चहा आधीच ओतून ठेवलेला. "या काका, बसा, दोन मिनिटांचं काम आहे," साहेब म्हणाले. प्रमुख बाईंनी चष्मा काढला. त्या चांगल्या बाई होत्या, मागच्या वर्षी सभेच्या दारात उभ्या राहून त्यांनी सबंध गोष्ट ऐकली होती. "अंगावर आम्ल पडलं तर आधी पाण्याने धुवायचं, ही माहिती तुम्ही या कामगारांना दिली होती का?"

"नाही," जपूनकाका म्हणाले.

ठेकेदाराचा पाय खाली आला. साहेबांनी चहाचा कप बशीत ठेवला तो तिरका बसला. "काका, नीट आठवा," ते म्हणाले, आवाजातलं तूप थिजलं होतं. "अहो, तुम्ही दर वर्षी सांगता," प्रमुख बाई म्हणाल्या, "मी स्वतः ऐकलंय."

"दर वर्षी सांगतो. या वर्षी सांगितलं नाही. बाईंना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना जेवढं सांगितलं तेवढं त्यांनी बरोबर केलं."

"पण का? इतकी महत्त्वाची गोष्ट राहिलीच कशी?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. इथे एक गोष्ट हवी होती, आणि त्यांच्याकडे गोष्टींना कधी तोटा पडला नव्हता. त्यांनी घसा खाकरला. शिंकणारा माणूस आला नाही, पुसलेल्या ठशांचा माणूस आला नाही, पाहुणा दारात उभा राहून निघून गेला. बाहेर गल्लीत कोणीतरी फरशी पुसत होतं, पोछा बादलीत पिळल्याचा आवाज आला.

"विसरलो," ते म्हणाले.

कोणी हसलं नाही. खोलीत इतकी शांतता होती की शब्द टेबलाच्या त्या टोकापर्यंत सबंध ऐकू गेला.